तारखेआधीची तारीख

२०१९ सालच्या मे महिन्याची अखेर. कोर्टाला उन्हाळी सुटी होती. वर्ध्याचा मे ज्यांनी अंगावर काढला आहे, त्यांना त्या दुपारचे वर्णन नको. घरच्याच ऑफिसात कूलर लावून मी जुन्या फायलींचे गठ्ठे बांधत बसलो होतो. तेवढ्यात दारात माझे एक जुने अशील उभे राहिले. डोक्याला दुपट्टा, हातात पेढ्यांचा पुडा आणि मागे त्यांची मुलगी.

"सायेब, पोरगी बारावी पास झाली. एकाहत्तर टक्के. आता वकील व्हाचं हाय म्हन्ते. नाव कुठी टाकाचं, तेवढं सांगा."

मी पेढा तोंडात टाकला, मुलीचे कौतुक केले आणि सहज विचारले, "सीईटी कशी गेली?"

मुलीने बापाकडे पाहिले. बापाने माझ्याकडे पाहिले. "ते काय असते जी?"

पेढा घशाखाली उतरेना. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा बारावीच्या निकालाआधीच होऊन गेली होती. तिचे अर्ज भरायची मुदत तर त्याच्याही आधी संपलेली. म्हणजे ज्या दारातून ही मुलगी आत शिरायचे म्हणत होती, ते दार त्या वर्षापुरते बंद झाले होते. असे दार आहे, हेच तिला ठाऊक नव्हते.

या गृहस्थांचा धुऱ्याचा दावा मी तेव्हा नऊ वर्षे चालवत होतो. चुलतभावाने धुरा कोरून कोरून दोन तास आत सरकवला, असे त्यांचे म्हणणे. महिना-दीड महिन्याला एक तारीख धरली तरी साठ-सत्तर वेळा ते माझ्या टेबलासमोर बसले असतील. शाळेला सुटी असली की पोरगीही सोबत यायची. बाकावर बसून पुकारा ऐकायची. एकदा तिने मला विचारले होते, "सर, पुढची तारीख कोण ठरवते?" मी हसून म्हणालो होतो, "तेच तर कोणाला कळत नाही." तिला या कामात रस आहे, हे मला दिसत होते. ती अकरावीला गेली, बारावीला गेली, हेही कळत होते. ज्या माणसाला मी नऊ वर्षे तारखा सांगत आलो, त्याच्या मुलीची एकच तारीख मला सांगायची होती. ती सांगायची राहून गेली.

आजचा हा लेख त्या राहून गेलेल्या तारखेची भरपाई आहे, असे समजा.

आमच्या वेळची वाट

माझ्या वेळी वकील होणे ही ठरवून करायची गोष्ट नव्हती. समुद्रपूर तालुक्यातला मी. बी. कॉम. झालो, बँकेच्या दोन परीक्षा दिल्या, कुठेच नंबर लागला नाही. तेव्हा घरचे म्हणाले, लॉ तरी कर. हा 'तरी' फार महत्त्वाचा. हुशार पोरे डॉक्टर-इंजिनिअर व्हायची, उरलेल्यांतली नोकरीला लागायची आणि त्यातूनही उरलेली कायद्याला यायची. पदवीची गुणपत्रिका दाखवली की प्रवेश मिळे. नागपूरला तीन वर्षे अप-डाऊन केले, गाईड वाचून पेपर दिले आणि १९८९ साली काळा कोट अंगावर चढवला. विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून पहिला कोट मावसभावाच्या लग्नातला होता.

पहिल्याच महिन्यात सीनियरनी एक साधा वसुलीचा दावा लिहायला दिला. मी रात्रभर जागून सहा पाने लिहिली. इंग्लंडच्या न्यायमूर्तींची नावे त्यात होती, करार म्हणजे काय याची व्याख्या होती. सकाळी सीनियरनी शेवटचे पान उलटून पाहिले आणि फाईल माझ्याकडे सरकवली. खाली सत्यापनच नव्हते. दाव्यातला मजकूर खरा असल्याबद्दल पक्षकाराने जी सही करायची असते, ती जागाच मी ठेवली नव्हती. रक्कम कधी देणे झाली, तो दिवसही कुठे लिहिला नव्हता. "कायदा भरपूर लिहिलास," ते म्हणाले, "पण दावा लिहायचा राहिला." तीन वर्षांच्या पदवीने मला काय शिकवले आणि काय नाही, ते त्या एका वाक्यात कळले.

बॅरिस्टरांचा जिल्हा

पुढे कधीतरी गांधीजींचे आत्मचरित्र पुन्हा वाचताना मनाला मोठा दिलासा मिळाला. आमच्या जिल्ह्याची जगात ओळख ज्यांच्यामुळे, ते सेवाग्रामचे बापू १८८८ साली लंडनच्या इनर टेंपलमध्ये दाखल झालेले बॅरिस्टर. १० जून १८९१ रोजी त्यांना सनद मिळाली. तिथल्या पद्धतीप्रमाणे परीक्षेइतकेच महत्त्व ठरावीक संख्येने जेवणावळींना हजर राहण्याला होते. रोमन कायदा त्यांनी लॅटिनमधून वाचला, इंग्लंडच्या कायद्याचे ग्रंथ महिनोन्महिने पालथे घातले. आणि मुंबईच्या लघुवाद न्यायालयात ममीबाईचा खटला आला, तेव्हा उलटतपासणीसाठी उभे राहिले ते शब्द न उच्चारताच खाली बसले. तीस रुपये फी घेतली होती, ती परत केली. हिंदुस्थानातला कायदा आपल्याला येत नाही, साधा दावा लिहिता येत नाही, हे त्यांनी कसलाही आडपडदा न ठेवता नोंदवून ठेवले आहे.

त्यांना वकील बनवले ते दक्षिण आफ्रिकेने. दादा अब्दुल्लांच्या प्रकरणात हिशेबाच्या चोपड्या चाळताना त्यांना उमगले, की वस्तुस्थिती नीट हाती आली की कायदा आपोआप आपल्या बाजूला येतो. ते प्रकरण शेवटी त्यांनी लवादाकडे नेऊन मिटवले. हरलेल्या बाजूला हप्ते बांधून घेण्याची सवलतही मिळवून दिली. दुभंगलेल्यांना जोडणे हेच वकिलाचे काम, हा धडा त्यांनी तिथे घेतला. तो धडा कुठल्या परीक्षेला नव्हता.

याच गांधीजींनी १९०९ सालच्या 'हिंद स्वराज्य'मध्ये वकिलांवर असे कोरडे ओढले आहेत, की आजही बार रूममध्ये ते पुस्तक काढले तर चहा थंड होतो. असहकाराच्या काळात त्यांनी वकिलांना कोर्ट सोडायला सांगितले. तेव्हा वकिली सोडणाऱ्यांच्या चरितार्थासाठी एक लाख रुपये कोणी दिले? वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी. १९२२ साली राजद्रोहाच्या शिक्षेनंतर इनर टेंपलने गांधीजींचे नाव पटावरून काढले. ते परत नोंदवले गेले १९८८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. त्यांचे सहकारी किशोरलाल मशरूवाला अकोल्याला वकिली करत असत, महादेवभाईंनीही एलएल. बी. केले होते. दोघांनीही कोट उतरवला आणि वर्ध्याच्या मातीत आयुष्य घातले.

म्हणजे आमचा जिल्हा वकिली सोडणाऱ्यांचा. पण याच जिल्ह्यातल्या आष्टीत ऑगस्ट १९४२ मध्ये पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, रक्त सांडले आणि आष्टी-चिमूरच्या खटल्यांत माणसांना फाशीच्या शिक्षा झाल्या. त्यांच्यासाठी अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले, अर्ज-अपिलांची लढाई झाली आणि दोर गळ्याशी आलेली माणसे जन्मठेपेवर सुटली. त्या वेळी कोणी तरी कागद वाचणारा, मुदत मोजणारा, अर्ज लिहिणारा हवाच होता. वकिलाशिवाय समाज असावा, हे स्वप्न म्हणून ठीक आहे. पण ज्याच्या गळ्याशी दोर आहे, त्याला आज वकील लागतो. आणि तो आपल्या भाषेत आपले म्हणणे समजून घेणारा असला, तर त्याच्यासारखे भाग्य नाही.

म्हणूनच कुणब्याची, तेल्याची, बौद्धांची, गोवाऱ्यांची पोरगी वकील व्हायचे म्हणते, तेव्हा 'तरी' म्हणायचे दिवस संपले, असे मला वाटते.

तीन वाटा

तर वाटा कोणत्या? मुख्य तीन आहेत. घरात आठवी-नववीचे मूल असेल त्या आई-बापांनी हा भाग कापून ठेवला तरी हरकत नाही.

पहिली वाट बारावीनंतरची, पाच वर्षांची. शाखा कोणतीही चालते. विज्ञान, वाणिज्य, कला असा भेद नाही. खुल्या गटाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. त्याशिवाय राज्याची सीईटी द्यावी लागते. विधी शाखेला ही परीक्षा २०१६ पासून आली. आता तिच्यात १२० प्रश्न असतात, वेळ दोन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे प्रश्नपत्रिका इंग्रजीसोबत मराठीतही असते. कायद्याचा कल, सामान्यज्ञान, तर्क आणि इंग्रजी एवढाच तिचा आवाका. गोम आहे ती तारखेत. अर्ज बारावीच्या परीक्षेच्या मागेपुढे भरून घेतले जातात. निकालाचे पेढे वाटून झाल्यावर चौकशी करणारा हमखास मागे राहतो.

दुसरी वाट राष्ट्रीय विधी विद्यापीठांची. महाराष्ट्रात अशी तीन आहेत. त्यातले नागपूरचे २०१६ साली सुरू झाले, आणि त्याचा परिसर वर्ध्याहून नागपूरला जाताना बुटीबोरीजवळच्या वारंगा इथे आहे. आमच्या एस. टी.च्या रस्त्यालगतच म्हणा ना! पण रस्त्यालगतचे ते दार उघडते 'क्लॅट' या देशपातळीवरच्या परीक्षेने. ती इंग्रजीतच होते, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, आणि अलीकडे ती डिसेंबरात घेतात. म्हणजे मूल बारावीत शिकत असतानाच. महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी तिथे जागा राखीव आहेत, ही जमेची बाजू. फीचा हिशेब मात्र लाखांत करावा लागतो. दहावीपासून इंग्रजी वर्तमानपत्र वाचणाऱ्या मुलाने ही वाट जरूर धरावी. केवळ शेजाऱ्याच्या पोराने क्लास लावला म्हणून धरू नये.

तिसरी वाट पदवीनंतरची, तीन वर्षांची. हीच आमची जुनी वाट. तिलाही आता सीईटी आहे. बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी., काहीही करून ४५ टक्क्यांनी पास झालेला माणूस (राखीव गटांना सवलत वरच्याप्रमाणेच) तिला बसू शकतो. वयाची अट नाही. माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक साठीनंतर या वाटेने वकील झाले. एकूण वर्षे सहा होतात, पाचाऐवजी. पण वर्ध्यातच राहून पदवी घेता येते, कायद्याच्या शिक्षणाची सोयही शहरात आहे, आणि वय थोडे पिकल्यावर कायदा अधिक कळतो, हा माझा अनुभव.

एक धोक्याचा दगडही दाखवून ठेवतो. 'घरबसल्या एलएल. बी.' अशी जाहिरात दिसली तर पुढे जाऊ नका. पत्रद्वारा मिळालेल्या कायद्याच्या पदवीवर सनद मिळत नाही. महाविद्यालयाला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी पाहा, नंतर नव्हे.

एक वर्ष म्हणजे काय

त्या दुपारी हे सगळे मी बाप-लेकीपुढे मांडले. मी म्हणालो, एक वर्ष थांबा, तयारी करा, पुढच्या वर्षी सीईटी द्या. नागपूरच्या एका क्लासचा कागदही त्यांनी खिशातून काढून दाखवला. त्यावरची रक्कम पाहून मी गप्प झालो. "वावर गहान टाकतो," ते म्हणाले. गरज नाही, असे मी सांगितले. राहता राहिला प्रश्न एका वर्षाचा. शहरातल्या मुलासाठी ते 'ड्रॉप' असते. या घरासाठी ते काय होते, हे बापानेच सांगितले.

"पोरगी वर्षभर घरी दिसली का लोक सोयरीक घेऊन येतात सायेब. मी किती जनाले नाही म्हनू?"

मुलगी खाली मान घालून बसली होती. मग एकदम म्हणाली, "मी बी. ए. ला नाव टाकते. घरी नाही बसत." निर्णय तिने घेतला, आम्ही दोघांनी फक्त ऐकला. एक वर्ष जास्त लागेल, पण ती शिकणारी मुलगी राहील. तिच्या एकाहत्तर टक्क्यांहून मला त्या एका वाक्यात अधिक अक्कल दिसली.

तिने वर्ध्याला बी. ए. ला प्रवेश घेतला. पहिले वर्ष सरते न सरते तोच करोना आला. गावात रेंज नाही. वर्ग मोबाईलवर भरायचे आणि ही खळ्यावर, कपाशीच्या गंजीवर चढून बसायची. त्या रिकाम्या काळात मी तिला राज्यघटनेची मराठी प्रत आणि भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश दिला. रोज दहा शब्द. 'वादी', 'प्रतिवादी' तिला ऐकून माहीत होते, 'प्राङ्न्याय' आणि 'विबंध' नव्हते. २०२२ साली तिने तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी दिली आणि नागपूरच्या एका महाविद्यालयात तिचा नंबर लागला. सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी, डब्यात भाकरी आणि ठेचा.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली, तिच्यातून 'नई तालीम' निघाली. हाताने काम करत शिकावे, हे तिचे सार. कायद्याच्या शिक्षणाने ते उशिरा का होईना, मान्य केले आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो. दावा-कैफियत लिहिणे, अभिरूप न्यायालय, मध्यस्थी यांचे स्वतंत्र पेपर आहेत. पण बऱ्याच मुलांचे ते बारा आठवडे ओळखीच्या वकिलाच्या सहीवर उरकतात. मी तिला सही दिली नाही, काम दिले. सहा शनिवार ती फक्त शिरस्तेदारांच्या टेबलाशी उभी राहून फाईल कुठून कुठे जाते ते पाहत होती. एक शनिवार भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचे नकाशे वाचण्यात गेला.

याच काळात पायाखालची जमीन सरकावी तसे झाले. पहिल्या वर्षी तिने १८६० सालची भारतीय दंड संहिता पाठ केली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. चारशेवीस म्हटले की गावातल्या म्हाताऱ्यालाही कळायचे, ती फसवणूक ३१८ मध्ये गेली. फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा यांचेही कायदे बदलले. ती रडवेली होऊन आली. मी म्हणालो, "बाई, मी पस्तीस वर्षांचा वकील आणि तू विद्यार्थिनी. आज दोघेही पहिलीत आहोत. तू तरुण आहेस, म्हणून तूच पुढे आहेस." आणि खरोखर, नव्या कलमांसाठी मीच तिला विचारू लागलो.

फीचेही सांगतो, कारण घरे तिथेच अडतात. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या इतर मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटांतल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अट कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असण्याची. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना शिष्यवृत्ती आहेच. पण या सवलती मागितल्याशिवाय मिळत नाहीत, आणि मागायलाही तारीख असते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर हे कागद दहावीनंतरच काढून ठेवावेत. तलाठी आणि तहसील यांच्यामधल्या फेऱ्यांत किती मुलांची वर्षे गेली, त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

सनदेनंतर

२०२५ साली ती एलएल. बी. झाली. आमच्याकडे समज असा, की पदवी मिळाली म्हणजे वकील झाला. तसे नाही. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी करावी लागते आणि मग अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. शंभर प्रश्न, कायद्याची मूळ पुस्तके सोबत नेण्याची मुभा, मराठीतही देता येते. नोंदणीचा खर्च पूर्वी कित्येक हजारांत जाई. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठणकावून सांगितले, की १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात लिहिल्याप्रमाणे खुल्या गटाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, याहून जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. गरिबाच्या दारातला एक दगड त्या दिवशी बाजूला झाला.

दुसरा निकाल मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आणून गेला. पदवी मिळताच दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, म्हणजे आपण ज्याला जेएमएफसी म्हणतो, त्या परीक्षेला बसायचा तिचा बेत होता. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची जुनी अट पुन्हा आणली. त्या खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या अमरावतीचे. नागपूरला वकिली केलेले हिदायतुल्ला, नागपूरचे शरद बोबडे आणि अमरावतीचे गवई असे तीन सरन्यायाधीश विदर्भाच्या बारने देशाला दिले, याचा आम्हाला केवढा अभिमान! पण तो निकाल वाचून ती एवढेच म्हणाली, "सर, तीन वर्षं खायचं काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे सरळ उत्तर नव्हते. न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसण्यापूर्वी माणसाने बारच्या बाकावर बसावे, अशिलाचा घाम पाहावा, हे मला मनापासून पटते. सत्यापन विसरलेला तरुण न्यायाधीश झाला असता तर काय झाले असते, हे मी जाणतो. पण ज्याच्या बापाचे ऑफिस आहे, त्याला ही तीन वर्षे शिक्षणाची असतात. ज्याच्या बापाचा धुराच वादात आहे, त्याला ती उपासाची होतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून सुचवले, की ज्युनियरला शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये महिना द्यावा. ही सूचना आहे, सक्ती नाही. जिल्हा कोर्टातल्या किती सीनियरनी ती पाळली, असे विचाराल तर आधी मलाच मान खाली घालावी लागेल. पस्तीस वर्षांत माझ्या हाताखालून अकरा ज्युनियर गेले. पहिल्या आठांना मी चहा, अनुभव आणि दिवाळीला एक पाकीट, एवढेच दिले. मलाही सीनियरनी तेच दिले होते, आणि त्याला मी परंपरा म्हणत असे. त्या आठांपैकी तिघे वर्षभरात वकिली सोडून गेले. एक विमा विकतो. त्याच्याइतकी नेमकी उलटतपासणी करणारा मुलगा मी नंतर पाहिला नाही.

तिला मी दरमहा ठरलेली रक्कम देतो. परिपत्रकातल्या आकड्याला ती अजून पोचलेली नाही, पण पहिल्या तारखेला न मागता मिळते. शिवाय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे काम आहे, फौजदारी आरोपींसाठी आता लोकअभिरक्षकांची व्यवस्था आहे. कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, कायद्याने मोफत वकील मिळतो. तेव्हा त्या कामाला बायामाणसांचे बोलणे समजणारी वकील हवीच असते. पुढे सरकारी अभियोक्ता, बँकांचे विधी अधिकारी, अध्यापन अशा आणखी वाटा फुटतात. एकट्या न्यायाधीशाच्या खुर्चीवर डोळा ठेवून या क्षेत्रात येऊ नये.

बापाचा धुऱ्याचा दावा? तो अजून चालू आहे. मध्यंतरी तिने सगळी फाईल वाचून काढली. मोजणीचा नकाशा समोर ठेवून म्हणाली, "सर, भांडण दोन तासांचं आहे. आजवर तारखांना जेवढे पैसे गेले, तेवढ्यात तो तुकडा दोनदा विकत आला असता." प्रकरण मध्यस्थीसाठी पाठवावे, असा अर्ज तिने लिहिला. तिच्या हातचा पहिला अर्ज. मी शेवटचे पान आधी उलटून पाहिले. सत्यापन होते. चुलतकाका मध्यस्थीला तयार होतील की नाही, सांगता येत नाही. 'पोरगी वकील झाली म्हनून आता आमाले शिकवते,' असे ते म्हणाले, एवढे कानावर आले आहे.

माझ्यात मात्र एक बदल झाला. दर वर्षी पावसाळा सरला की ऑफिसच्या भिंतीवर, कोर्टाच्या कॅलेंडरशेजारी, मी एक कागद चिकटवतो. क्लॅटची तारीख, सीईटीच्या अर्जाची मुदत, दाखल्यांची यादी. आणि प्रत्येक अशिलाला त्याची पुढची तारीख सांगून झाली की विचारतो, "घरी बारावीला कोण आहे?"

परवा एका म्हाताऱ्याने मान हलवली. "बारावीले कोनी नाही जी. नात हाय, नववीत."

"मग वेळ आहे," मी म्हणालो. "पण लिहून घ्या."